मुलगा सुधारला, हे मोजायचं कशानं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली एक लहान संस्था बाल न्याय मंडळाकडून, म्हणजे अठराखालच्या मुलांवरचे गुन्ह्यांचे आरोप ऐकणाऱ्या मंडळाकडून, येणाऱ्या मुलांसाठी दोन वर्षं वर्ग चालवते आहे. रविवारी समुपदेशन, आठवड्यातून तीन संध्याकाळी कबड्डी आणि मोबाईल दुरुस्ती. वर्षाला साधारण चाळीस मुलं. पैसे देणाऱ्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाने आता 'इम्पॅक्ट' मागितलाय: पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण किती टक्क्यांनी घटलं ते सांगा. संस्थेच्या ताई विचारतात, डेटा कुठला गोळा करू, कसा करू आणि हा टक्का काढू कसा?

ताई, नकोसं उत्तर आधी देतो. चाळीस मुलांवरून टक्का निघेल, पण त्यातून काही सिद्ध होणार नाही. हिशेब करून बघा. समजा पहिल्या वर्षीच्या 40 पैकी 10 मुलं वर्षभरात पुन्हा मंडळासमोर आली आणि दुसऱ्या वर्षीच्या 40 पैकी 6. कागदावर 25 टक्क्यांवरून 15. अहवालाच्या मुखपृष्ठावर छापावा असा आकडा! पण संख्या इतकी लहान असली की नुसत्या योगायोगानेही आकडा बराच हलतो. ती हालचाल धरली तर पहिल्या वर्षाचं खरं प्रमाण 14 ते 40 टक्क्यांमध्ये कुठंही असू शकतं आणि दुसऱ्या वर्षाचं 7 ते 29 मध्ये. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेत. मुळात फरक चार मुलांचा आहे. आणखी दोन मुलं एका रात्री एकाच चोरीच्या दुचाकीवर सापडली असती तर तुमचा इम्पॅक्ट अर्ध्यावर आला असता. 25 वरून 15 ही घट खात्रीने पकडायची तर दोन्ही बाजूंना अडीचशेच्या आसपास मुलं लागतात. एका संस्थेला त्यातल्या एकाच बाजूची मुलं जमायला सहा वर्षं जातील.

कंपनीला हे सांगताना संकोच नको. पण 'आमचं काम मोजता येत नाही' म्हणून सुटकाही करून घेऊ नका, ती पळवाट आहे. मोजता येतं, आणि पहिल्यांदा मोजायचं ते तुम्ही स्वतः काय केलंत ते. मी मंडळावर सदस्य म्हणून बसलोय, नंतर अशा संस्थांची मूल्यमापनंही केली. बहुतेक ठिकाणी मुलांबद्दल ढीगभर कागद मिळतात आणि कार्यक्रमाबद्दल एकही नाही. कोण किती वेळा आला, समुपदेशन वीस मिनिटं झालं की दोन तास, मध्येच समुपदेशक बदलला का, ज्या रविवारी हॉल मिळाला नाही तेव्हा काय केलं, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग मुलात फरक पडला तरी तो कशामुळे पडला हे कोण सांगणार? म्हणून आजच्या आज हजेरीपट सुरू करा. तारीख, मुलाचा क्रमांक, आला तेव्हाची वेळ, गेला तेव्हाची वेळ, कोणी घेतलं. एवढंच. साध्या वहीत चालेल, संगणकावर महिन्यातून एकदा चढवा.

आता त्या टक्क्याकडे वळू. आकडा मुलाच्या वागण्याचा वाटतो, पण येतो पोलिसांच्या दप्तरातून. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार गुन्हा अतिगंभीर असेल, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षांची किंवा जास्त असेल, किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेला असेल, तरच मुलाविरुद्ध एफआयआर नोंदवायचा. बाकी प्रकरणांत ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद आणि सोबत मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, एवढ्यावर ते मंडळाकडे जायला हवं. प्रत्यक्षात कुठे दैनंदिनीत नोंद होते, कुठे सरळ एफआयआर होतो आणि कुठे बापाला बोलावून, दम देऊन पोरगं घरी पाठवलं जातं. तिन्हीकडच्या मुलांनी केलेलं असतं एकच, आकडे मात्र तीन तऱ्हेचे तयार होतात. त्यात भर म्हणजे हद्द. कुंभारीच्या विडी घरकुलात पकडलेला मुलगा ग्रामीण पोलिसांकडे येतो. तोच शहरातल्या अशोक चौकात पकडला गेला तर शहर आयुक्तालयाकडे. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे छापणाऱ्या केंद्रीय विभागाच्या, वार्षिक तक्त्यांतही सोलापूर शहर आणि सोलापूर ग्रामीण वेगवेगळे असतात, आणि एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तर त्यातलं सगळ्यात जड तेवढं मोजलं जातं. त्या तक्त्यांतून आकडा उचलून 'जिल्ह्यात एवढे, आमच्याकडे एवढेच' अशी तुलना कृपा करून करू नका. बऱ्याच अहवालांत ती दिसते.

दुसरं, गुन्ह्याची तारीख. पोलीस एका मुलाला दुचाकी चोरीत पकडतात आणि चौकशीत आणखी चार जुन्या चोऱ्या 'उघडकीस' येतात. वेगवेगळ्या ठाण्यांतून ती प्रकरणं पुढच्या काही महिन्यांत मंडळासमोर येत राहतात. तुमच्या वर्गात तो मुलगा नियमित येतोय, आणि नोंदीत मात्र 'पुन्हा चार गुन्हे' दिसतात. म्हणून प्रकरणं मोजू नका, मुलं मोजा. आणि नोंद झाल्याची तारीख धरू नका, घटना घडल्याची धरा. घटना तुमच्याकडे येण्याआधीची असेल तर ती पुनरावृत्ती होतच नाही.

तिसरं फार कमी लोकांच्या लक्षात येतं. मुलगा साडेसतरा वर्षांचा असताना वर्ग संपवून गेला. सहा महिन्यांनी अठरा पूर्ण. त्यानंतर जे काही घडेल ते नेहमीच्या फौजदारी न्यायालयात जाईल, मंडळाच्या नोंदीत येणारच नाही. म्हणजे जितकी मोठ्या वयाची मुलं घ्याल तितका तुमचा कार्यक्रम कागदावर यशस्वी! बाहेर पडतानाचं वय सतराच्या वर असलेल्या मुलांचा तक्ता वेगळाच ठेवा. अठरानंतर त्यांची नावं टाकून कोर्टाच्या वेबसाइटवर शोधत बसू नका. त्यांना स्वतःला विचारा, आणि सांगायचं नसेल तर तसं लिहा.

वयाचंही गणित तपासून घ्या. तुमच्या यादीत जन्मतारखांचा रकाना वरून खाली वाचा. 1 जून किती वेळा येतो? आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी कित्येकांना 1 जून लावलेला असतो, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 94 प्रमाणे वय ठरवताना शाळेचा दाखलाच आधी पाहिला जातो. मंडळाच्या कामासाठी ती तारीख बरोबरच. पण तुम्ही 'पंधरा वर्षांखालील मुलांत जास्त फरक पडला' असा बारीक निष्कर्ष काढणार असाल तर मोजपट्टीच सैल आहे हे ध्यानात ठेवा.

आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. मोबाईल हिसकावणं आधी चोरी किंवा जबरी चोरीत मोडायचं, आता त्याला 304 हे स्वतंत्र कलम आहे. तुमची दोन वर्षं या तारखेच्या अल्याडपल्याड असतील तर 'जबरी चोऱ्या घटल्या' असं लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा. कलम क्रमांकासोबत घडलं काय ते एका साध्या वाक्यात लिहून ठेवलंत तर कायदा बदलला तरी डेटा वाया जात नाही.

या सगळ्यानंतर मी सुचवतो ती व्याख्या अशी: कार्यक्रमात नाव दाखल झाल्यापासून बारा महिन्यांत घडलेल्या घटनेबद्दल मुलगा नव्या प्रकरणात मंडळासमोर हजर झाला का, हो की नाही. प्रत्येक मुलाचे बारा महिने त्याच्या त्याच्या दाखल तारखेपासून मोजायचे. डिसेंबरअखेर सगळ्यांचा हिशेब एकदम बंद केला, तर फेब्रुवारीत आलेल्याला बिघडायला दहा महिने मिळाले आणि ऑक्टोबरात आलेल्याला दोन. दोघांना एकाच रांगेत उभं करता येत नाही. महिन्यांची तुलनाही जपून करा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, पंढरपुरात आषाढी. गर्दीत पाकीट-मोबाईल गेले की पोरं धरली जातात. आषाढी कधी जूनअखेरीस येते, कधी जुलैच्या मध्यावर. त्यामुळे 'गेल्या जूनपेक्षा या जूनमध्ये वाढ' या वाक्याला काही अर्थ नसतो.

अंश झाला, आता छेद. खरी गडबड छेदातच होते. 'कार्यक्रम पूर्ण केलेल्या 22 मुलांपैकी फक्त एकजण पुन्हा सापडला' असं वाक्य दिसलं की मी पहिल्यांदा विचारतो, बाकीचे अठरा कुठं आहेत? जो मुलगा सहा महिने नेमाने रविवारी येतो, त्याच्यामागे बहुतेक वेळा एक आई असते, जी विड्यांचं काम बाजूला ठेवून त्याला हॉलच्या दारापर्यंत आणून सोडते. तो तुमच्याकडे आला नसता तरी सावरला असता अशी शक्यता बरीच आहे. ज्याचं कोणी नाही तो तिसऱ्या रविवारनंतर गळतो, आणि गळाला की छेदातूनही गळतो. त्यामुळे नियम कडक ठेवा: ज्याचं नाव मंडळाच्या आदेशाने तुमच्या यादीत लागलं, तो एकदा आला किंवा एकदाही आला नाही, तरी शेवटपर्यंत यादीत. टक्का त्या पूर्ण यादीवर. नेमाने आलेल्यांचा वेगळा टक्का हवा तर खाली लहान अक्षरात द्या.

आणि 'सापडत नाही' हा रकाना स्वतंत्र असू द्या. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला मुलगा हंगामात इथं पकडला जातो आणि गाळप संपलं की कुटुंबासह बीडकडे परततो. यंत्रमागावरचं कुटुंब एका रात्रीत भिवंडीला जातं. अक्कलकोटचा मुलगा पलीकडे कलबुर्गी जिल्ह्यात काही करून बसला तर ते सोलापूरच्या मंडळाला कळायला वाट नाही. या सगळ्यांच्या नावापुढे संस्था 'गुन्हा नाही' लिहितात, कारण बातमी आलेली नसते. बातमी नसणं आणि गुन्हा नसणं यांत फार अंतर आहे. चाळीसपैकी नऊ सापडत नसतील तर 'नऊ सापडत नाहीत' हेच छापा. माझ्या मते तो आकडा अहवालातला सगळ्यात प्रामाणिक आकडा असतो, आणि समजदार देणगीदाराचा विश्वास त्यानेच बसतो. सापडण्यासाठी पहिल्याच दिवशी तीन फोन नंबर घ्या: घरचा, मामाचा किंवा मावशीचा आणि किराणा दुकानदार, मुकादम असा गल्लीतला एक. मुलाला विचारून घ्या, आणि त्या तिसऱ्याला तुम्ही कोण हे कळता कामा नये याची काळजी घ्या.

आता सगळ्यात अवघड भाग. समजा मुलं खरंच कमी सापडू लागली. ते तुमच्यामुळे का? चोरी-मारामारीचं प्रमाण वयाच्या पंधरा ते वीसच्या दरम्यान चढतं आणि मग बहुतेकांचं काही न करताही उतरतं. लग्न, नोकरी, नुसतं वय. शिवाय मुलगा तुमच्याकडे येतो तो त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट महिन्यात. त्यानंतरचा महिना तसाही थोडा चांगलाच असणार. म्हणून 'आधी आणि नंतर' एवढीच तुलना जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाला यशस्वी ठरवते.

याचा एक दाखला मी प्रशिक्षणात नेहमी देतो. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत 1939 मध्ये एक मोठं काम सुरू झालं. 506 मुलं, वय-घर-स्वभाव पाहून त्यांच्या जोड्या लावलेल्या, आणि नाणं उडवून जोडीतल्या एकाला मदत, दुसऱ्याला नाही. मदत भरघोस होती: समुपदेशकाने मुलाच्या घरी जाऊन दिलेल्या भेटी, अभ्यासात मदत, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या सगळ्यांचा माग काढला आणि 1978 मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जण म्हणाले, आम्हाला फायदा झाला, ते साहेब फार चांगले होते. नोंदी काढल्या तर गुन्ह्यांत फरक नव्हता. उलट दारू, मानसिक आजार, लवकर मृत्यू अशा काही बाबतींत मदत मिळालेलेच मागे होते. दुसरी अर्धी मुलं नोंदीत नसती तर हे कधीच कळलं नसतं, आणि कृतज्ञतेच्या त्या उत्तरांवर अख्खा कार्यक्रम देशभर पसरला असता. तेव्हा समारोपाच्या दिवशी भरून घेतलेले 'मला हा वर्ग आवडला' असे फॉर्म फाईलला लावा, पण पुरावा म्हणून पुढे करू नका.

याच्याच शेजारचं एक. दर वर्षी कोणीतरी सज्जन सुचवतात, 'पोरांना एकदा जेल दाखवून आणा, सरळ होतील.' अमेरिकेत हा प्रकार 1970 च्या दशकात फार गाजला, तिथल्या कैद्यांकडून मुलांना घाबरवायचं. पुढे अशा नऊ प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला. जी मुलं जेल पाहून आली ती न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्ह्यांत सापडली. तुमच्या समितीत हा विषय निघाला तर हे सांगा.

तुमच्याकडे नाणं उडवायची सोय आहे का? कधी कधी असते. मंडळाने साठ नावं सुचवली आणि जागा चाळीस आहेत, तर ओळखीने किंवा 'कोण सुधारण्यासारखा आहे' हे बघून निवडू नका. मंडळाला सांगून सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाका. उरलेल्या वीस जणांना सहा महिन्यांनी जागा, तोवर परिविक्षा अधिकाऱ्यांचं (प्रोबेशन ऑफिसरांचं) नेहमीचं काम सुरूच. ते वीस तुमची तुलना. कायद्याने मिळायची गोष्ट, वकील म्हणा, जामीन म्हणा, डॉक्टर म्हणा, प्रयोगासाठी कुणाचीही अडवायची नाही. आणि धाराशिव, सांगली, लातूरकडे असंच काम करणाऱ्या संस्थांशी बोलून तीच व्याख्या, तोच तक्ता ठरवलात तर तीन वर्षांत ती अडीचशेची संख्या आवाक्यात येते. हे एकट्याने करायचं काम नाहीच.

दरम्यान काय दाखवायचं? मुलाचं रोजचं आयुष्य. परिविक्षा अधिकाऱ्यांनी दोन आठवड्यांत द्यायचा सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे नमुना 6, ही तुमची सुरुवातीची रेघ. त्यात घर, शाळा, मित्र, सवयी सगळं असतं, मात्र कामाच्या ओझ्यामुळे काही अहवाल एकसारखे भरलेले आढळतात. दहा अहवाल घ्या, दोघांनी वेगवेगळे वाचून 'शाळा सुटलेली आहे का', 'घरात मारहाण आहे का' अशा प्रश्नांना हो-नाही लिहा. ज्या प्रश्नावर दोघांचं जुळत नाही तो रकाना वापरू नका.

मग सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी मोजके प्रश्न. वृत्तीबद्दल नको, कृतीबद्दल विचारा. 'तुला आता गुन्हा वाईट वाटतो का' याला प्रत्येक मुलगा हो म्हणणार. मंडळासमोर उभा राहून आलेला मुलगा साहेबाला काय ऐकायचंय हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ओळखतो. त्याऐवजी: गेल्या सात दिवसांत किती रात्री दहानंतर बाहेर होतास? गेल्या महिन्यात किती दिवस शाळेत किंवा कामावर गेलास? घरातल्या कुणाबरोबर शेवटचं जेवलास कधी? दहावी सुटलेल्यांसाठी 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, हे उत्तम माप आहे. फॉर्म भरला, परीक्षेला बसला, पास झाला: तीन पायऱ्या, तिन्ही कागदावर तपासता येतात, आणि त्यात पोलिसांचा संबंध नाही. विजापूर रोडच्या आयटीआयत प्रवेश, तिथली हजेरी, हेही तसंच. 'रोजगार मिळाला' हा रकाना मात्र जपून. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि अठरापर्यंत धोक्याचं काम बंद आहे. पंधरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून बारा तास कारखान्यात उभा राहिला, तर ते यशाच्या रकान्यात लिहिणारे अहवाल मी पाहिलेत. भाषा त्याची, जागा त्याची हेही पाहा. पूर्व भागातलं पोरगं घरी तेलुगू बोलतं, दुसरं कन्नड, तिसरं दखनी. मराठी फॉर्म वाचून दाखवताना मध्ये हवालदार किंवा आई दुभाषी झाली की उत्तर त्यांचं होतं. प्रश्न त्या त्या भाषेत आधी ठरवून घ्या, आणि विचारणारा तोच समुपदेशक नको; स्वतःचा निकाल स्वतः लावणं कुणालाच जमत नाही. एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याचे, विद्यार्थी हे काम चांगलं करतात, दोन दिवस शिकवावं लागतं.

मुलाबरोबर यंत्रणाही मोजा, नाहीतर सगळा दोष मुलाच्या खाती जातो. पकडल्यापासून चोवीस तासांत मंडळासमोर आणलं का. पहिल्या तारखेला वकील होता का. तपासणी अहवाल दोन आठवड्यांत आला का. निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथं, किती दिवस गेले. चौकशी चार महिन्यांत संपली का. वाढवून दोन महिने मिळतात, आणि किरकोळ गुन्ह्यात त्यानंतरही संपली नाही तर कार्यवाहीच थांबते. दिवसांची सरासरी काढू नका, आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला काढा. एक प्रकरण दोन वर्षं रखडलं तर सरासरी फुगते. ही माहिती तुम्हाला सगळी मिळणार नाही, पण कलम 16 प्रमाणे प्रलंबित प्रकरणांचा आढावा दर तीन महिन्यांनी व्हायचा असतोच. जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत नावांशिवायचे आकडे मागायला हरकत नाही.

आणि आता सोलापुरात काम करताना जे विसरून चालणार नाही ते. या शहरात कुटुंबांची वही ठेवण्याचा एक इतिहास आहे. अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथं तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, माणसांना हजेरी द्यावी लागायची, परवानगीशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. जन्माला आलेलं मूल त्या वहीत संशयित म्हणूनच चढायचं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. वस्तीला आजही सेटलमेंटच म्हणतात. तिथल्या आजीला तुमच्या हातातला फॉर्म दिसला की तिने दार लावून घेतलं तर त्यात तिचं काही चुकत नाही.

म्हणून 'धोक्याचे गुण' काढणारे तयार तक्ते, घरातल्या कुणावर पोलीस केस आहे का, वस्ती कुठली, असे रकाने असलेले, मी वापरू देत नाही. ज्या वस्तीत पोलीस आधी पोचतात तिथं प्रत्येक घरात केस निघते, मग मुलाला जास्त गुण, जास्त गुण म्हणून जास्त पाळत, आणि पाळत जास्त म्हणून पुन्हा सापडणं. वर्तुळ पूर्ण. 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं बजावलं. जमातीची माहिती एकाच कामासाठी उपयोगी आहे: कुणाला जामीन लवकर मिळतो, कुणाला उशिरा, हे तपासायला. ती घ्यायचीच असेल तर मुलाच्या फाईलमध्ये नको, वेगळ्या कागदावर क्रमांकासह, आणि पालकांना कशासाठी ते सांगून.

नावं कुठल्याच तक्त्यात नकोत. क्रमांक द्या; क्रमांक आणि नाव जुळवणारी यादी एकच, कुलपात, दोघांकडेच किल्ली. व्हॉट्सॲपवर एक्सेल फिरवू नका, वर्गाचे फोटो सीएसआरच्या माणसालाही देऊ नका. कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नाव न लिहिताही ओळख फुटते. 'अमुक गल्लीतला, सोळा वर्षांचा, आई विडी कामगार, दुचाकी चोरी' एवढं छापलं की गल्लीला कळतं. तक्त्यातल्या कुठल्याही चौकटीत पाचपेक्षा कमी मुलं येत असतील तर आकडा न छापता 'पाचपेक्षा कमी' लिहा. कलम 24 मुलाला मागचं पुसून नव्याने सुरुवात करू देतं, मुदत संपल्यावर मंडळाच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद त्यातच आहे. तिथली नोंद नष्ट झाली आणि तुमच्या कपाटात पाच वर्षांनी तीच नावासकट पडून राहिली, तर कायद्याचा हेतू तुम्हीच मोडलात. नावांची यादी कधी फाडायची ती तारीख आत्ताच ठरवून मंडळाला लेखी कळवा.

कंपनीला लिहायच्या पत्रात तीन पानं पुरतील. पहिल्यावर किती मुलं यादीत लागली, किती आली, किती तास मिळाले, किती सापडत नाहीत. दुसऱ्यावर सहा आणि बारा महिन्यांची शाळा-काम-घराची स्थिती. तिसऱ्यावर पुन्हा मंडळासमोर आलेली मुलं, व्याख्येसह, आणि टक्क्याशेजारी तो 7 ते 29 सारखा पट्टा. त्याखाली सरळ लिहा की या संख्येवरून कार्यक्रमामुळे घट झाली असं म्हणता येत नाही, आणि म्हणता यावं म्हणून पुढच्या तीन वर्षांत काय करणार आहोत. पुढच्या प्रस्तावात या कामासाठी अर्धवेळ माणसाचा पगार आणि फोन-प्रवासाचा खर्च वेगळ्या ओळीत मागा. समुपदेशकालाच 'जाता जाता डेटा पण बघ' असं सांगितलं, की मार्चअखेर सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेल्या मिळतात. तपासणाऱ्याला ते पहिल्या पानावरच कळतं.